निवासी प्लॉटवर गाय, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्रा: नियम काय आणि अडते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या एका गावात ४ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, त्यावर बंगला आहे आणि दोन्ही बाजूंना शेजारी राहतात. एक देशी गाय, दोन शेळ्या, दहा-बारा कोंबड्या आणि एक कुत्रा पाळायचा आहे. घरी लागून उरलेले दूध शेजारी मागतात, ते विकले तर चालेल का? परवानगी कोणाची आणि जनावरापासून शेजारच्या भिंतीपर्यंत किती अंतर सोडायचे?

आधी सरळ उत्तर. कुत्रा पाळता येतो, त्याचा परवाना काढावा लागतो. कोंबड्या घरापुरत्या असतील आणि त्यांत कोंबडा नसेल तर बहुधा कोणी हरकत घेत नाही. शेळ्यांना थोडी तयारी लागते. गाय मात्र सगळ्यांत शेवटी आणा, आणि तीही शेणाची व्यवस्था बांधून झाल्यावरच. दूध विकायला सुरुवात केलीत की तुमची गाय कायद्याच्या नजरेत घरगुती राहत नाही. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्याचे पुढे सविस्तर सांगतो.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला जमिनीचा: त्या विभागात (झोनमध्ये) हा वापर बसतो का? तो नगररचना खाते पाहते. दुसरा आरोग्याचा आणि उपद्रवाचा: जनावरामुळे घाण, वास, माशा, आवाज, धोका होतो का? तो आरोग्य विभाग आणि पशुवैद्यकीय विभाग पाहतो. एकाकडून होकार आला म्हणजे दुसऱ्याचाही आला, असे नाही. समाविष्ट गावांत हे जास्त घोळाचे होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळ्या नगरपरिषदेत गेली. बांधकामाची परवानगी देणारे कार्यालय एक आणि आरोग्य निरीक्षक पाठवणारे दुसरे, असेही घडू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही ठिकाणी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जमिनीपासून सुरू करू. सातबारा, एनए आदेश, मंजूर रेखांकन आणि बंगल्याचा मंजूर नकाशा हे चार कागद समोर ठेवा. सर्व्हे किंवा गट क्रमांक देऊन नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्यात जनावरांचे गोठे, कुक्कुटपालन, वराहपालन हे वापर शेती विभागात बसतात. व्यावसायिक गोठा किंवा पोल्ट्री निवासी विभागात बसत नाही. घरापुरते जनावर हा व्यवसाय नाही, पण त्यासाठी तुम्ही जे बांधता ते बांधकाम आहे, आणि अडचण तिथून सुरू होते.

बंगल्याच्या मंजूर नकाशावर चारही बाजूंना सामासिक अंतर (बांधकाम आणि प्लॉटची हद्द यांमधली मोकळी जागा) दाखवलेले असते. चार गुंठे म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर. त्यातून बंगला, पार्किंग आणि सामासिक अंतर वजा केले की मागच्या बाजूला जी पट्टी उरते, तिथेच प्रत्येक जण पत्र्याची शेड टाकतो. ती पट्टी नियमाने मोकळी सोडायची असते. नकाशात नसलेली शेड, भले चार खांबांवर पत्रा का असेना, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली अनधिकृत ठरू शकते. पक्क्या बांधकामाला कलम ५३ ची नोटीस येते. तात्पुरत्या बांधकामाला कलम ५५ आहे, त्यात ते काढायला १५ दिवस मिळतात. शेजाऱ्याची खरी तक्रार वासाची असते, पण कारवाई होते शेडवर, कारण शेड टेपने मोजता येते आणि वास मोजता येत नाही. म्हणून गोठ्याची जागा सुधारित नकाशात दाखवून मंजुरी घ्या. ते शक्य नसेल तर भिंत आणि पाया नसलेली, उचलून नेता येईल अशी रचना ठेवा आणि सामासिक अंतर सोडा. रेखांकनातली सामाईक मोकळी जागा किंवा रस्त्याची कड जनावर बांधायला कधीही वापरू नका. तिथे बांधलेले जनावर कोंडवाड्यात गेले तर दंड भरून सोडवून आणावे लागते.

जुन्या गावठाणातल्या घरांचे थोडे वेगळे आहे. हद्दवाढीच्या आधीपासून गोठा असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यात घरासोबत गोठ्याचीही नोंद असते. तो उतारा आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. गोठा नवीन नाही याचा तो सर्वांत चांगला पुरावा. शेतजमिनीवरचा गोठाही निराळा: जमीन महसूल अधिनियमाच्या शेतघराच्या व्याख्येत जनावरांचा निवारा येतो. तुमची जमीन निवासी एनए झालेली आहे, त्यामुळे ती सवलत तुम्हाला धरून चालता येत नाही.

आता परवान्याचा मुद्दा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ३७६ आणि मुंबईपुरते १८८८ च्या अधिनियमाचे कलम ३९४ यांत चार पायांच्या जनावरांबद्दल एक अट आहे. विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी, मोबदला घेऊन किंवा त्यांच्यापासून मिळणारे उत्पादन विकण्यासाठी जनावर ठेवले तर आयुक्तांचा परवाना लागतो. दूध हे ते उत्पादन. रोज दीड लिटर शेजारी दिले आणि पैसे घेतले तरी तुम्ही या अटीत येता. कोंबडीला दोन पाय, म्हणून ही विशिष्ट अट तिला लागत नाही, पण उपद्रवाचे नियम लागतातच. दूध विकणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही बघावी लागेल. सल्ला विचाराल तर पहिले वर्षभर दूध विकू नका. उरलेल्या दुधाचे दही लावा, तूप कढवा, घरी वापरा. या एका निर्णयाने अर्धी कागदपत्रे वाचतात.

याशिवाय १९७६ चा एक राज्य अधिनियम आहे, नागरी क्षेत्रांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा. तो जिथे लागू आहे तिथे गाय-म्हैस ठेवायला परवाना लागतो. परवान्यावर जागा आणि जनावरांची संख्या लिहिलेली असते आणि जनावर हलवायचे तरी परवानगी घ्यावी लागते. तुमच्या गट क्रमांकाला तो लागू आहे का, हे पशुसंवर्धन अधिकाऱ्याला गाय आणण्याआधी विचारा. कारण त्यात संख्या धरतात, आणि कालवड मोठी झाली की तुमच्या दारात एकाच्या दोन गाई होतात.

मुंबईसाठी एक उल्लेख करून पुढे जाऊ. १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३८४ नुसार आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळता येत नाही, आणि उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने कोणतेही जनावर ठेवता येत नाही. राहत्या घराच्या खोलीत गुरे बांधायलाही तिथे मनाई आहे.

अंतर किती, हे तुम्ही विचारले. घरगुती एका गाईसाठी सर्व महापालिकांना लागू होणारा एकच मीटरचा आकडा नाही. जे आकडे सगळीकडे फिरतात ते मोठ्या फार्मचे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पोल्ट्री फार्म निवासी विभागापासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, कालवा, पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांपासून १०० मीटर दूर असावा असे आहे, पण ते हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी. शेजाऱ्याने हा ५०० मीटरचा कागद तुमच्या दहा कोंबड्यांसमोर धरला तर शांतपणे सांगा की तो फार्मचा नियम आहे. मात्र त्याला वास येत असेल तर तो वास खरा आहे, आणि त्याचे उत्तर कागदाने देता येत नाही.

शेण, मूत्र आणि पाणी

एक मोठी गाय दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते आणि १० ते १५ लिटर मूत्र. महिन्याला अर्धा टन शेण होते. गाय घेताना दूध मोजणारे खूप भेटतात, शेण मोजणारे क्वचित. बायोगॅसचा विचार अनेकांच्या डोक्यात असतो, पण १ घनमीटरच्या लहान संयंत्रालाही रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. एका गाईवर ते पोटभर चालत नाही, स्वयंपाकघरातला ओला कचरा जोडला तरच जमते. म्हणून एका गाईला गांडूळखत बरे.

त्यासाठी ७ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट उंच असे तीन वाफे बांधा. एका वाफ्यात सुमारे दोन महिन्यांचे शेण मावते, कारण ते सुकते आणि बसते. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो, तिसरा रिकामा होत असतो. ताज्या शेणात गांडुळे सोडू नका. शेण कुजताना तापते आणि गांडुळे मरतात किंवा वाफ्याबाहेर पळतात. १५ ते २० दिवस शेण पालापाचोळ्यासोबत थरांनी रचून, पाणी मारून, एकदोनदा उलटून थंड होऊ द्या, मग गांडुळे सोडा. वर ओले गोणपाट टाका. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून उडणारी माशी व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे उघडे शेण आठवडाभर एका जागी पडले की पुढच्या रविवारी शेजारच्या स्वयंपाकघरात माशा गेल्याच म्हणून समजा. रोजचे शेण रोज उचला आणि वाफ्यात टाकल्यावर वर दोन बोटे माती किंवा पालापाचोळा पसरा.

वासाचे मुख्य कारण निव्वळ शेण नाही. मूत्रातला युरिया शेणातल्या जिवाणूंच्या विकराने फुटतो आणि अमोनिया सुटतो. शेण आणि मूत्र एकत्र साचले की डोळ्यांना झोंबणारा वास येतो. दोन्ही वेगळे राहिले की वास निम्म्याहून कमी जाणवतो. म्हणून जमिनीला उतार हवा: ४० ते ६० फुटांना १ फूट, म्हणजे १० फुटांच्या गोठ्यात दोन ते तीन इंच. उताराच्या शेवटी ३० सेंटिमीटर रुंद, उथळ, गोल तळाची नाली काढा. ती खोल केली तर गाईचा पाय मोडतो आणि शेण अडकते. नाली ५० लिटरच्या झाकणाच्या टाकीत सोडा. मूत्र दहापट पाणी घालून झाडांना देता येते.

कोबा घोटून गुळगुळीत करू नका. जनावर घसरते आणि मागचे पाय फाकून पडले की गाभण गाईचे फार हाल होतात. कोबा ओला असतानाच खराट्याने रेघा ओढा. शहाबादी फरशी तर टाळाच.

सांडपाण्याची चूक सर्रास होते. लोक पाइप लावून शेण पावसाळी गटारात ढकलतात. ते गटार पुढे ओढ्याला मिळते आणि आरोग्य निरीक्षकाला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. आधी फावड्याने शेण खरडून उचला, मग बादलीने धुवा. अशाने ४० ते ५० लिटर पाण्यात काम होते. धुतलेले पाणी शोषखड्ड्यात सोडायचे असेल तर १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो, पण जमीन मुरमाड असेल तरच. काळ्या मातीत असा खड्डा पावसाळ्यात दोन महिने तुंबलेला राहतो आणि डासांचे घर होतो. जमीन काळी असेल तर हे पाणी केळी, कर्दळ किंवा गजराज गवताच्या ओळीला द्या. बोअर किंवा विहिरीपासून हे सगळे जितके लांब ठेवता येईल तितके ठेवा.

वाऱ्याचाही विचार करा. पुण्यात जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. वासाचा त्रासही पावसाळ्यातच सर्वाधिक, कारण काही सुकत नाही. प्लॉटच्या ज्या बाजूने पूर्वेला किंवा ईशान्येला शेजाऱ्याची खिडकी आहे, तिथे गोठा घेऊ नका.

प्रत्येक जनावराचे थोडे वेगळे

गाईला साधारण ३.५ चौरस मीटर छताखालची आणि ७ चौरस मीटर मोकळी जागा धरतात. वासरू, वैरण आणि वाफे धरून ३० चौरस मीटर तरी बाजूला काढा. सुका कडबा रोज ५ किलो म्हणजे वर्षाला १.८ टन. तो सगळा बंगल्याला टेकवून रचू नका, आगीचा धोका असतो. महिन्याचा १५० किलो आणा. गोऱ्हा झाला तर काय, हेही आजच ठरवा. गाय दूध देणार म्हणजे विणार, आणि निम्म्या वेळा नर वासरू. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गोवंशाच्या नरांचीही कत्तल करता येत नाही, त्यामुळे गोऱ्ह्याला शेतकरी घर शोधावे लागते. लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेले वीर्य) वापरली तर कालवडीची शक्यता खूप वाढते. कानात १२ अंकी बिल्ला असलेलीच गाय घ्या. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा आणि घटसर्पाची पावसाळ्याआधी द्या. नोंदवही ठेवा, तपासणी आली की तीच पहिल्यांदा मागतात.

शेळ्या दोन असतील तर माद्याच ठेवा. बोकडाचा माजाचा वास शंभर फुटांवर जातो, त्यावर खच्चीकरणाशिवाय उपाय नाही. एका शेळीला १ ते दीड चौरस मीटर छत आणि दोन-तीन चौरस मीटर मोकळे पुरते. कुंपण चार-पाच फूट, जाळी घट्ट. शेजाऱ्याची जास्वंद आणि शेवगा शेळीने एकदा खाल्ला की पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराच्या लसी चुकवू नका.

कोंबड्यांना अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिलांसाठी लागतो. तो न ठेवल्याने पहाटे चारची तक्रार मुळातच टळते. प्रत्येकीला दोन चौरस फूट खुराडे आणि दिवसा फिरायला जागा द्या. खाली चार इंच भाताचे तूस पसरा आणि दोन दिवसाआड वरखाली करा. पाण्याच्या भांड्याजवळची जागा ओली होते आणि वास तिथूनच सुटतो. तेवढे ओले तूस रोज बदला. चुना मारून वास जातो असे सांगतात, पण ओल्या विष्ठेवर चुना पडला की उलट अमोनिया आणखी सुटतो. आधी कोरडे करा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना द्या. बर्ड फ्लूचा उद्रेक झाला तर १ किलोमीटरच्या बाधित क्षेत्रात परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या जातात. २००६ मध्ये नवापुरात देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हाही परिसरातल्या कोंबड्या नष्ट केल्या होत्या. त्याची भरपाई मिळते, पण पक्षी लपवू नका.

कुत्र्याचा परवाना महापालिकेत काढा. रेबीज लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, नंतर पशुवैद्यक सांगेल तसे बूस्टर. सोसायटीने कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे २६ फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक सांगते. मात्र सार्वजनिक जागेतली विष्ठा उचलणे आणि पट्टा बांधणे ही जबाबदारी तुमची. हयगय करून कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे हीदेखील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूरता आहे, आणि तसा कुत्रा जास्त भुंकतो.

पक्षी पाळायचा मोह होईल, म्हणून एक सूचना. हिरवा, कंठवाला देशी पोपट आणि लाल मुनिया पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, चांदणी कासवही तसेच. बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक बजरीगर असतात, ते चालतात. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तक्रार झालीच तर

शेजाऱ्यांशी आधी बोला आणि गोठा कुठे येणार हे जागेवर नेऊन दाखवा. लेखी ना-हरकत मिळाली तर उत्तम, पण ती कायमची असते असे समजू नका. घर विकले गेले की नवा मालक त्या कागदाला बांधील नसतो.

नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे हे पहिल्यांदा वाचा. शेडची नोटीस असेल तर शेण साफ करून तिचे उत्तर होत नाही, आणि उपद्रवाची असेल तर मंजूर नकाशा दाखवून भागत नाही. उपद्रवाचे प्रकरण वाढले तर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यापर्यंत जाऊ शकते, आणि तिथे उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश निघतो. म्हणून मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. सोबत वाफ्यांचे आणि नालीचे तारीख दिसणारे फोटो, लसीकरणाची नोंदवही, बिल्ल्याचा क्रमांक आणि कुत्र्याचा परवाना जोडा. आरोग्य निरीक्षकाला स्वतःहून पाहणीला बोलवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांकासह पोच घ्या. निरीक्षकाने एखादी सुधारणा सुचवली, समजा टाकीला झाकण किंवा वाफ्यावर जाळी, तर ती आठवड्यात करून फोटोसह पुन्हा कळवा.